चादरीखालचा पिवळा त्रिकोण

इस्लामी संस्कृतीच्या सुवर्णकाळावर व्याख्यान असलं की इब्न अल-हैथम यांचं नाव हमखास येतं. वक्ता त्यांना प्रकाशशास्त्राचे जनक म्हणतो, टाळ्या पडतात, मग चहा येतो. अशा टाळ्या मीही वाजवल्या आहेत. पण या माणसाशी आपलं खरं नातं काय, हा प्रश्न मला पडला तो एका रुग्णालयात, माझ्या चार दिवसांच्या नातवाला निळ्या दिव्याखाली झोपलेलं पाहताना.

त्याला कावीळ झाली होती. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट आणि वरून निळा उजेड. सोबत आलेली माझी अम्मी काचेपलीकडे बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढंच? दिव्याखाली ठेवलं की उतरते?"

तिच्या या प्रश्नामागे माझी धाकटी बहीण आहे. ती १९७१ साली आमच्या गावी घरातच जन्मली आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. बाळंतिणीची खोली अंधारी, खिडकीला जाड पडदा. कोणीतरी काविळीची माळ आणली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, अशी समजूत. माळ लांबली, पण कावीळ मेंदूपर्यंत पोचली. बहिणीला आजही ऐकू येत नाही आणि तिचे हात तिच्या ताब्यात नसतात. असं का झालं, हे आम्हाला एका डॉक्टरांनी कितीतरी वर्षांनी समजावून सांगितलं.

म्हणून या निळ्या दिव्याचा इतिहास मी शोधून वाचला.

१९५६ चा उन्हाळा. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्ड रुग्णालय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाची जबाबदारी सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होती. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना बरं, असं त्यांचं मत होतं, म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. एकदा डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, फक्त एक त्रिकोणी भाग गडद पिवळा होता. बाळाला काहीतरी औषध फासलंय, असंच डॉक्टर डॉब्स यांना आधी वाटलं. सिस्टर म्हणाल्या, हा उन्हाचा परिणाम असावा. चादरीचं टोक जिथे होतं तेवढाच भाग पिवळा राहिला होता.

काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी चुकून खिडकीत उन्हात राहिली. तपासणीत त्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. नळीतलं रक्त बाळाच्या शरीराबाहेर होतं, म्हणजे यात यकृताचा हात नव्हता. हे काम उजेडाचंच होतं. मग क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी निळ्या नळ्यांचे दिवे लावून बाळांवर प्रयोग केले आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. पण जग लगेच हललं नाही. अमेरिकेत जेरोल्ड ल्युसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे हा उपचार तिथे रुजू लागला.

यामागची क्रिया अशी. जुन्या लाल पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते बाहेर टाकतं, पण नवजात बाळाचं यकृत अजून कच्चं असतं. साधारण ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेत शिरला की बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. मग ते यकृताच्या प्रक्रियेशिवायच पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. याआधी गंभीर काविळीत बाळाचं जवळजवळ सगळं रक्त बदलावं लागे.

आता इब्न अल-हैथम. जन्म बसऱ्यात, सुमारे ९६५. मृत्यू कैरोत, सुमारे १०४०. 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात त्यांनी एक प्रयोग सांगितला आहे. अंधाऱ्या जागेपुढे भोक, भोकासमोर अनेक दिवे. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, उघडला की परत येतो. झाकून बघायचं, काय बदलतं ते पाहायचं आणि मगच बोलायचं. रॉचफर्डच्या चादरीने नकळत हाच प्रयोग केला होता. सिस्टर वॉर्ड यांनी अल-हैथम वाचले होते असं मी म्हणत नाही. सांगायचं इतकंच, की ही पद्धत कोणा एका कौमची मालमत्ता नाही. जो वापरेल त्याची ती आहे. आमच्या घरात अल-हैथमचं नाव आदराने घेतलं जायचं आणि माळही बांधली जायची. ती माळ कोणीही तपासून पाहिली नाही.

हा शोध तिथेच थांबला नाही. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये उनागी या वामजातीच्या माशाच्या स्नायूंत एक प्रथिन शोधलं. त्याला बिलिरुबिन चिकटलं की ते हिरवं चमकतं, त्यामुळे रक्तातलं बिलिरुबिन मोजता येतं. नायजेरियातल्या लागोसमध्ये, जिथे वीज बेभरवशाची, तिथे घातक किरण अडवणाऱ्या पातळ पडद्यांच्या छताखाली बाळांना उन्हात ठेवण्याची चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निकाल दिव्यांच्या तोडीचे होते. तिथे डॉक्टर आणि तपासण्या सोबत होत्या, हे मात्र विसरू नये. घरच्या अंगणातलं ऊन गंभीर काविळीवर उपाय नाही. सावळ्या कातडीवर पिवळेपणा लवकर दिसतही नाही, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. बाळ पिवळं वाटलं, दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.

हे सगळं मी अम्मीला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मी पोरीला अंगणात नेलं असतं तर?"

"नाही अम्मी, इतकं सोपं नव्हतं. तिला रुग्णालयात न्यायला हवं होतं. ते तुझ्या एकटीच्या हातात नव्हतं."

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तळपायसुद्धा पिवळे झालेत म्हणून. तुझी दादी म्हणाली, पहिलटकरणीसारखी घाबरू नकोस."

हे मी ५० वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. नवजात बाळाची कावीळ चेहऱ्यापासून खाली उतरत जाते. ती तळपायांपर्यंत दिसणं ही धोक्याची खूण, हे आज कुठलेही बालरोगतज्ज्ञ सांगतील. अम्मीने ती खूण ओळखली होती. सिस्टर वॉर्ड यांनी पाहिलेलं डॉक्टरांनी ऐकून घेतलं, अम्मीने पाहिलेलं कोणी ऐकलं नाही.

"त्या नर्सचं नाव छापलं का त्यांनी?" अम्मीने विचारलं.

'लॅन्सेट'मधल्या त्या लेखाच्या तीन लेखकांत सिस्टर वॉर्ड यांचं नाव नाही. मी तसं सांगितलं. अम्मी नुसती "हं" म्हणाली.

दोन दिवसांनी नातू घरी आला. त्या संध्याकाळी अम्मी त्याचा तळपाय माझ्या बहिणीला दाखवत होती. तो गुलाबी होता.