आत्याला बाजूचं का दिसत नाही?

आजचा भाग बीडच्या खजाना विहिरीपासून सुरू करतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, निजामशाहीतल्या सलाबत खानानं बांधलेली विहीर. मागच्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन गेलो होतो. भर दुपारच्या उन्हातून कमानींच्या सावलीत आलो, तर क्षणभर अंधारल्यासारखं झालं आणि लगेच दगडांच्या कडा दिसायला लागल्या. आत्या मात्र माझा हात सोडेना. तिला समोरचं दिसतं, बाजूचं नाही. काचबिंदू.

घरात सगळे म्हणायचे, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. त्यात तीन वर्षं गेली. मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणं; ते बदलता येतं. आत्याचं बिघडलं होतं ते पार मागं, पडद्यावर. तिथं काय असतं, हे माणसाला कसं कळलं, तेच आज सांगायचंय.

स्पेनचा काहाल. इटलीच्या गोल्जीनं शोधलेल्या चांदीच्या रंगानं तो पेशी रंगवायचा. गंमत अशी, की या रंगानं हजारांतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, म्हणून तर एकेक वेगळी दिसते! १८९३ मध्ये त्यानं पडद्याचे थर मांडले: मागं प्रकाश टिपणाऱ्या पेशी, मध्ये जोडणाऱ्या, पुढं गँग्लियन पेशी, ज्यांचे धागे मेंदूकडे जातात. गोल्जीच्या मते हे सगळं एकसंध जाळं होतं. काहाल म्हणे, पेशी सुट्या आहेत. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जीनं तिथल्या भाषणातही काहालचं म्हणणं खोडून काढलं. असो.

आता हिशोब बघा. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, मेंदूकडे जाणारे धागे फक्त दहा-बारा लाख. मग सगळं कसं पोचतं? पोचतच नाही. अमेरिकेत हार्टलाइन हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यातला एकेक धागा ऐकत होता. खोलीतला दिवा लावला, की धाग्यातले झटके वाढायच्या ऐवजी कमी व्हायचे. शेजारचे एकक एकमेकांना दाबत होते. १९५३ मध्ये कुफलरनं मांजराच्या डोळ्यात दाखवलं, की काही गँग्लियन पेशी मधल्या ठिपक्यावर उजेड पडला की जोरात बोलतात आणि भोवतालच्या कड्यावर पडला की गप्प होतात. काहींचं नेमकं उलटं. दोन्हीकडे सारखाच उजेड असेल तर फारसं बोलत नाहीत. म्हणजे ही पेशी उजेड किती ते सांगत नाही, शेजाऱ्यापेक्षा किती वेगळा ते सांगते. म्हणून तर ऊन असो की सावली, कमानीची कड कडच दिसते.

या वजाबाकीत मधल्या थरातल्या आडव्या पेशींचा मोठा हात असतो. शिवाय, प्रकाश टिपणारी पेशी अंधारातच जास्त रसायन सोडते, उजेडात कमी! तोमितांनी १९६५ च्या सुमारास माशाच्या डोळ्यात हा उलटा विद्युत-संकेत मोजला, तेव्हा पुष्कळांना पटेना.

काचबिंदूत मरतात त्या नेमक्या या गँग्लियन पेशी. आत्याच्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी अजून काम करताहेत. निरोप पोचवणाऱ्या गेल्या, आणि त्या परत उगवत नाहीत. उरलेल्या टिकाव्यात म्हणून रोज रात्री थेंब घालतो. परवा तिनं विचारलं, "बाजूला काळं नाही दिसत रे, काहीच नाही दिसत. असं कसं?" मी तिला काहालचं चित्र मोबाईलवर मोठं करून दाखवलं. ती बराच वेळ बघत होती, मान थोडी वळवून.