पागेची बेगमी

श्रोतेहो, घोडदौडीच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमक्याने घोडा नदीत घातला, तमक्याने रातोरात किल्ला गाठला. पण मुक्कामावर उतरल्यावर त्या घोड्याच्या तोबऱ्यात काय पडले, हे सहसा कोणी सांगत नाही. आज तेवढेच सांगायचे आहे.

मराठी फौजेत अरबी घोडीही होती. पण मोठी भिस्त होती ती भीमा-नीरेकाठच्या भीमथडी तट्टांवर. अंगाने लहान, पायाने खंबीर, घाटवाटेला न डरणारे आणि थोडक्यात भागवणारे असे हे जनावर. थोडक्यात भागवणारे म्हणजे उपाशी पळणारे नव्हे, बरं का!

तुमच्या गोठ्यातला बैल एकदा पोटभर खातो आणि मग सावलीला बसून रवंथ करतो. घोड्याला ती सोय नाही. त्याचे पोट लहान, रवंथ नाही, आणि जास्त झालेले ओकून टाकणेही त्याला जमत नाही. म्हणून त्याला थोडेथोडे, पण दिवसभर चघळायला वाळली वैरण लागते. चंदी द्यायची तीही विभागून. भिजवलेला हरभरा एकदम पोटभर घातला की पोटशूळ उठलाच म्हणून समजा. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर अचानक मोकळे सोडले तरी तीच गत. शिवाय ओल्या जागेवर उभे राहून खूर कुजतात, ते वेगळेच.

म्हणूनच पागेची व्यवस्था आखीव असे. सभासदाची बखर सांगते की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. एक पाणी पाहणार, दुसरा पाय! पावसाळ्यात फौज छावणीस परत येई. त्याआधीच दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार ठेवायची असत. दसऱ्याला पुन्हा कूच.

गुरुजींनी वर्गात एक हिशोब घालून पाहावा. अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला रोज निदान पाच किलो कोरडा चारा धरा. पंचवीस घोड्यांना चार महिन्यांत किती? दीडशे क्विंटल! एका लहानशा पागेचे हे. आणि कोकणच्या पावसात गवत उगवते भरपूर, पण वाळवणार कुठे? साठा आधीचाच लागतो.

साठा तुटला की काय होते, ते पानिपतावर दिसले. १७६० च्या अखेरीस अब्दालीने रसद तोडली, डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी माणसे उपाशी घोड्यांवर बसून लढायला निघाली. हार एकाच कारणाने होत नसते, पण हे कारण लहान नव्हते.

याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी, राज्याभिषेकाच्या आसपास, शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना एक पत्र लिहिले. ते जरूर मिळवून वाचा. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणागवत आताच मनास येईल तसा उडवाल, तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. पण त्यांची खरी काळजी त्यापुढची आहे. साठा संपला की शिपाई कुणब्याच्या घरी शिरेल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. मग जीव धरून राहिलेला कुणबी गाव सोडील, आणि त्याला मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल! घोड्याच्या दावणीचा आणि कुणब्याच्या कणगीचा संबंध इतका स्पष्टपणे मांडलेला दुसरा कागद माझ्या तरी पाहण्यात नाही.

पत्रात शेवटी आगीची गोष्ट येते. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका. रात्री दिवा जळत ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतील. आणि हे ऐकायचे नसेल तर, महाराज टोमणा मारतात, मग घोडी बांधायला नकोत की खायला घालायला नको. पागाच बुडाली, तुम्ही मोकळे झालात!