सुरतेचा जोडा आणि झेंडूची फुले

आमच्या नवागाममध्ये खानदेशातून आलेली घरं पुष्कळ, आणि वाचणाऱ्या बायकाही आहेत. पण राजकीय चरित्र म्हटलं की, "नुसती आरती असते हो!" म्हणून बाजूला सारतात. मला हे निम्मंच पटतं.

२७ डिसेंबर १९०७. याच सुरतेत काँग्रेसच्या मांडवात टिळक बोलायला उभे राहिले, गोंधळ माजला, आणि एक तांबडा, टोकदार मराठी जोडा भिरभिरत आला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून तो फिरोजशहा मेहतांवर आदळला. मुळात अधिवेशन व्हायचं होतं नागपूरला. ते इकडे का हलवलं, जहाल-मवाळ कशावरून फुटले, हे समजायला चरित्रच उघडावं लागतं. न. चिं. केळकर हे टिळकांचेच माणूस. १९२३ ते १९२८ दरम्यान त्यांनी तीन खंड लिहिले. जवळचा माणूस आरती करणारच, पण घरातलं ठाऊकही त्यालाच असतं ना!

त्याच काळात, १९२५ मध्ये, अत्र्यांची 'झेंडूची फुले' आली. रविकिरण मंडळाच्या कवींची ती थट्टा आमच्या बायकांना भारी आवडते. मात्र अत्र्यांनी त्या कविता आधी बारकाईने वाचल्या होत्या, नाहीतर त्यांची ढब इतकी हुबेहूब उचलताच आली नसती. केळकरांना हसणाऱ्या आमच्या मैत्रिणींनी सुरतेचं प्रकरण तरी कुठे उघडलंय?