स्वरलिपी आणि चिजांचा पाठ

मुखपरंपरेने चालत आलेल्या विद्येला लिपीचा आधार मिळाला म्हणजे ती टिकते. परंतु ती जशीच्या तशी टिकते, असे मात्र नाही. हिंदुस्थानी संगीताच्या अर्वाचीन इतिहासात या गोष्टीचा प्रत्यय पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या कार्यात जितका स्पष्टपणे येतो, तितका अन्यत्र क्वचितच येत असेल.

स्वरलेखनाचे प्रयत्न त्यांच्यापूर्वीही झाले होते. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी व बडोद्यास मौलाबक्ष यांनी आपापल्या पद्धती सिद्ध केल्या होत्या. १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीही स्वतंत्र लिपी प्रचारात आणली. भातखंडे यांचे वैशिष्ट्य संग्रहाच्या व्याप्तीत आणि त्यामागील शास्त्रदृष्टीत आहे. व्यवसायाने वकील असलेल्या या अभ्यासकाने १९०४ साली दक्षिणेचा प्रवास करून एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली, आणि रामपूर दरबारच्या चिजा मिळविण्यासाठी पुढे नबाब हमीद अली खान यांचे शिष्यत्वही पत्करले. रागरागिणींचे जुने वर्गीकरण बाजूस सारून त्यांनी दहा थाटांची व्यवस्था मांडली, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरबद्ध केल्या.

त्यांची लिपी अत्यंत सुटसुटीत आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र व तार सप्तकांसाठी अनुक्रमे खाली व वर बिंदू, एका मात्रेतील स्वरांखाली अर्धचंद्र, एवढ्या थोड्या चिन्हांवर तिचा व्यवहार चालतो. मात्र दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार आणि भीमपलासीतील गांधार या दोहोंना ती एकाच चिन्हाने दर्शविते. हा लिपीचा दोष नव्हे; तो तिचा स्वभाव होय. ‘चाक’ आणि ‘चार’ या शब्दांतील आद्य ध्वनी भिन्न असूनही मराठी लिहिताना दोन्हीकडे एकच अक्षर येते, आणि मराठी भाषकाचे त्यावाचून काही अडत नाही. ज्याच्या कानी भाषा आधीपासून आहे, त्याला लिपी केवळ स्मरण देते. ज्याच्या कानी ती नाही, त्याला तेवढी लिपी पुरत नाही.

स्वरस्थानांविषयीच्या संशोधनानेही याच मताला पुष्टी मिळते. बावीस श्रुतींची स्थाने गणिताने कायम करण्याचा प्रयत्न कृ. ब. देवल यांनी १९१० साली केला. पुढे १९६३ साली जैरझभॉय व स्टोन यांनी यमनातील गांधाराचे ध्वनिमुद्रणांवरून मापन केले, तेव्हा निरनिराळ्या कलावंतांचा गांधार तर भिन्न आढळलाच, पण एकाच कलावंताचा गांधारही एका जागी स्थिर आढळला नाही.

खरा प्रश्न येथून पुढे उद्भवतो. पुण्यास भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य चालले, आणि तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेदांची नोंद काळजीपूर्वक करण्यात आली. साधारणतः याच काळात सिद्ध झालेल्या ‘क्रमिक’मध्ये मात्र एका चिजेचा बहुधा एकच पाठ दिलेला आहे. विद्यालयीन शिक्षणाला असा निश्चित पाठ आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु छापील पाठाला एकदा प्रामाण्य लाभले, की घराण्यात पिढ्यानपिढ्या निराळ्या मुखड्याने वा निराळ्या शब्दांनी गाइली जाणारी चीज ‘चुकीची’ ठरू लागते. वास्तविक चिजेच्या बाबतीत सर्व पाठभेदांच्या मुळाशी एकच आदिपाठ गृहीत धरता येत नाही. प्रत्येक परंपरेचा पाठ तिच्यापुरता मूळच असतो.

म्हणून भातखंडे यांच्या संग्रहाकडे अंतिम संहिता म्हणून न पाहता एक अत्यंत मौल्यवान प्रत म्हणून पाहणे युक्त होय. १९८२ साली स्थापन झालेल्या संगीत-अभिलेखागारासारख्या संस्थांमुळे ध्वनिमुद्रणांचा अभ्यास आज सुलभ झाला आहे. ती मुद्रणे छापील पाठाशी ताडून भेदांची नोंद करणे, हे संपादनाचे कार्य अद्याप फार मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे. ते झाल्याशिवाय संग्रहात चिजा राहतील. त्यांची परंपरा राहील, असे म्हणता येणार नाही.