आधी ऐकणे, मग निर्णय : इंग्रजी राजाज्ञेपासून सोलापूरच्या लष्करी अंमलापर्यंत

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये न्यायदानाचा मूळ अधिकार राजाचा मानला जाई आणि राजद्रोह, खून, दरोडा यांसारख्या गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवण्यासाठी राजा न्यायाधीशांना स्वतंत्र अधिकारपत्रे देई. या अधिकारपत्राला ‘कमिशन’ म्हणत. त्यात परगणा आणि गुन्ह्यांचे प्रकार नमूद केलेले असत व त्या चौकटीबाहेर न्यायाधीशाला कोणताही अधिकार नसे. अशा कमिशनांपैकी सर्वांत महत्त्वाचे ‘ओयर अँड टर्मिनर’ होय. हे शब्द नॉर्मन अमदानीतल्या कायद्याच्या फ्रेंच भाषेतले असून त्यांचा अर्थ ‘ऐकणे आणि निर्णय देणे’ असा आहे. त्याला जोडून ‘जेल डिलिव्हरी’चे, म्हणजे तुरुंगात खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांचा निवाडा करून तुरुंग मोकळा करण्याचे, दुसरे कमिशन दिले जाई. पहिल्या कमिशनाखाली न्यायाधीशाला केवळ स्वतःपुढे दाखल झालेल्या आरोपांचाच विचार करता येई. दुसऱ्याखाली मात्र आरोप कोणापुढेही दाखल झालेला असो, कैदी त्या तुरुंगात असणे पुरेसे ठरे.

हे अधिकारपत्र दुधारी होते. एका बाजूने त्यामुळे फिरते न्यायाधीश ठरावीक काळाने परगण्यात येत आणि स्थानिक रहिवाशांच्या ग्रँड ज्यूरीने आरोप ग्राह्य धरल्याखेरीज खटला उभा राहत नसे. दुसऱ्या बाजूने, उठाव मोडल्यानंतर राज्यसत्ता खास कमिशन नेमून झटपट शिक्षा घडवून आणू शके. १६८५ मध्ये ड्यूक ऑफ मॉनमथने राजाविरुद्ध केलेल्या बंडानंतर न्यायाधीश जेफ्रीझ यांनी नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये चालवलेले खटले ‘रक्तरंजित न्यायसत्र’ म्हणून कुप्रसिद्ध झाले, तर १८३० च्या शेतमजुरांच्या दंगलींनंतरही विंचेस्टरसारख्या शहरांत अशीच खास कमिशने बसली.

मुंबईत ही पद्धत राजाच्या सनदांमधून आली. १७२६ च्या सनदेने मेयर कोर्टाबरोबरच गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलाला ‘ओयर अँड टर्मिनर’ व ‘जेल डिलिव्हरी’चे अधिकार दिले, पुढे ते १७९८ च्या रेकॉर्डर कोर्टाकडे आणि १८२३ च्या सनदेने स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाकडे गेले. तथापि ही राजाची न्यायालये मुख्यतः मुंबई शहरापुरती होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलेल्या पुणे, सोलापूर आदी मुलखात कंपनीचे स्वतःचे कायदे लागू झाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२७ मध्ये त्यांची संहिता तयार झाली आणि फौजदारी न्यायाचे शिखर म्हणून सदर फौजदारी अदालत काम करू लागली.

या दोन व्यवस्थांमधली सीमारेषा लवकरच वादाचा विषय ठरली. पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला त्याच्या एका नातेवाइकाने ताब्यात ठेवल्याच्या तक्रारीवरून सुप्रीम कोर्टाने त्याला हजर करण्याचा हुकूम काढला, तेव्हा गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने तो बजावू दिला नाही. न्यायमूर्ती ग्रँट यांनी निषेध म्हणून १८२९ मध्ये कोर्टाचे कामकाजच थांबवले. परंतु त्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने कौल दिला. राजाच्या न्यायालयाचे संरक्षण मुंबईच्या वेशीपाशी थांबते, हे त्यातून स्पष्ट झाले. १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन होऊन सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र आल्यावरच सोलापूरच्या आरोपीलाही मुंबईतल्या राजसत्तेच्या न्यायालयात दाद मागण्याची वाट खुली झाली.

या वाटेची खरी कसोटी १९३० मध्ये लागली. महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात गिरणी कामगार आणि नागरिक रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे यांचा बळी गेला आणि संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी व न्यायालयांना आग लावली. १२ मे रोजी शहर लष्कराच्या हवाली झाले आणि ३० जूनपर्यंत तेथे लष्करी अंमल चालला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी खास वटहुकूम काढून त्या अंमलाला कायद्याचा आधार दिला, आणि लष्करी न्यायमंडळांनी राष्ट्रीय निशाण व सत्याग्रह यांच्याशी निगडित कृत्यांसाठीही नागरिकांना कारावासाच्या शिक्षा ठोठावल्या. या शिक्षांचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला. लष्करी अंमल ज्या निकडीच्या नावाने पुकारला जातो ती निकड तपासण्याचा अधिकार न्यायालयांना आहे की नाही, हाच त्यातला मूळ मुद्दा होता.

चौकीवरील हल्ल्यात पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना मात्र मुलकी सत्तेखालील न्यायालयानेच फाशीची शिक्षा दिली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. मुंबईपर्यंतची वाट या वेळी मोकळी होती, तरीही ज्या सरकारविरुद्ध शहर उठले होते, त्याच सरकारच्या न्यायव्यवस्थेत फिर्याद आणि निवाडा दोन्ही पार पडले. म्हणूनच सोलापूरकरांनी या चौघांना गुन्हेगार मानले नाही, हुतात्मे मानले. शहरातील चार हुतात्मा चौक हे त्याचेच स्मारक आहे.

इंग्लंडमध्ये ही जुनी कमिशने १९७१ च्या कायद्याने संपली आणि १९७२ पासून त्यांची जागा क्राउन कोर्टाने घेतली. त्यांच्या नावातला शब्दांचा क्रम मात्र आजही विचारात घ्यावा असा आहे : तिथे ‘ऐकणे’ हा शब्द ‘निर्णय’ या शब्दाच्या आधी येतो, आणि लष्करी अंमलाच्या त्या सात आठवड्यांत सोलापुरात उलटा झाला तो नेमका हाच क्रम.