एनएफसी अँटेना (स्मार्टफोनमधील)

लवचीक फिल्मवरील तांब्याचे चपटे वेटोळे आणि त्याच्या पाठीशी चिकटवलेली फेराइटची पातळ पट्टी यांचा मिळून बनलेला, स्मार्टफोनच्या मागच्या झाकणाआड किंवा बॅटरीवर बसणारा भाग. फोन टेकवून पैसे देणे, मेट्रोचे फाटक उघडणे, हेडफोन जोडणे, कार्डातील चिप वाचणे ही कामे त्याच्यावर चालतात. कामाची वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ आणि पल्ला जेमतेम ४ सेंमी. वेटोळ्याचे वर्णन बहुतेक ठिकाणी सापडते. पट्टीची मात्र एका ओळीत बोळवण होते. प्रत्यक्षात या अँटेनाच्या रचनेतला अवघड भाग पट्टीचाच आहे.

१३.५६ मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे २२ मीटर भरते. तळहाताएवढ्या फोनमधून असा तरंग दूरवर पाठवणे जमणारे नाही आणि इथे ते हवेही नसते. फोनमधले वेटोळे आणि समोरच्या यंत्रातले वेटोळे मिळून हवेचा गाभा असलेला एक ट्रान्सफॉर्मर तयार होतो. यंत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. कार्डाच्या भूमिकेतला फोन त्या क्षेत्रावर पडणारा आपला भार ठरावीक तालात कमीजास्त करतो आणि यंत्र तो फरक ओळखते. आयएसओ १४४४३ या मानकानुसार कार्डाला मिळणारे क्षेत्र दर मीटरला १.५ ते ७.५ अँपिअर या मर्यादेत असावे लागते. वेटोळ्याच्या आकारमानापलीकडे गेले की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले तर क्षेत्र आठपट क्षीण होते. खिशातल्या फोनमधून परस्पर पैसे जाण्याची भीती अनेकांना वाटते. तिच्यावरचा पहिला उतारा हा घनाचा नियमच आहे, सॉफ्टवेअर त्यानंतर येते.

धातूची अडचण. फोनमध्ये वेटोळ्याला मोकळी जागा अशी नसतेच. त्याच्या मागे बॅटरी असते आणि तिचे वेष्टन ॲल्युमिनियमच्या थराचे, आतली पाने तांब्याची व ॲल्युमिनियमची. शेजारी मदरबोर्ड, त्यावर धातूची झाकणे, भोवती धातूची चौकट. वेटोळ्याचे बदलते क्षेत्र या धातूंत शिरले की त्यांत आवर्त प्रवाह खेळू लागतात आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. धातूच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर उलट प्रवाह वाहणारे दुसरे वेटोळे बसवले असते तर जे झाले असते, तेच घडते. दोन वेटोळी जवळजवळ एकमेकांना चिकटलेली असली की बाहेर उरणारे क्षेत्र नगण्य होते. वेटोळ्याची प्रवर्तकता घटते, अनुस्पंदनाची वारंवारता वर सरकते आणि ऊर्जेचा काही भाग धातू तापवण्यात जातो. बॅटरीवर नुसते वेटोळे चिकटवून पाहिले तर यंत्राला फोनचा पत्ताच लागत नाही.

यावर एक उपाय अंतराचा. वेटोळे धातूपासून एखादा सेंटिमीटर दूर नेले तरी बरेच साधते. पण ८ मिमी जाडीच्या फोनमध्ये सेंटिमीटर आणायचा कुठून? हे नसलेले अंतर फेराइट मिळवून देते. वेटोळे आणि धातू यांच्यामध्ये ही पट्टी आली की चुंबकीय रेषा धातूपर्यंत पोहोचण्याऐवजी पट्टीतूनच आडव्या वळून परततात. पट्टी किती कामाची हे तिची पार्यता, म्हणजे चुंबकीय रेषांना वाट देण्याची क्षमता, आणि जाडी यांच्या गुणाकारावरून ठरते. १५० पार्यतेच्या ०.१ मिमी पट्टीसाठी तो गुणाकार १५ मिमी येतो. पट्टी क्षेत्र ‘वाढवते’ असे जाहिरातींत सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. तिचे मुख्य काम, जे क्षेत्र एरवी धातूत हरवले असते ते वाचवणे, हे आहे.

फेराइट. लोखंडाचा पातळ पत्राही चुंबकीय रेषांना उत्तम वाट देतो, पण तो स्वतः वीजवाहक असल्याने आवर्त प्रवाह त्यातच सुरू होतात. हवा असा पदार्थ, जो चुंबकाला वाट देईल आणि विजेला अडवेल. लोहाचे ऑक्साइड व दुसऱ्या धातूंची ऑक्साइडे भाजून केलेले फेराइट हे सिरॅमिक नेमके तसे आहे. टोकियो तंत्रज्ञान संस्थेतील योगोरो कातो आणि ताकेशी ताकेइ यांनी १९३० साली ते शोधले. त्याच्या उत्पादनासाठी १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी स्थापन झाली. पुढे तिने कॅसेटच्या फिती विकल्या म्हणून आपल्याकडे तिचे नाव घराघरात पोहोचले. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत जे. एल. स्नूक यांनी या पदार्थांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि लुई नील यांनी १९४८ मध्ये त्यांच्या चुंबकत्वाची उपपत्ती मांडली. नील यांना १९७० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्नूक यांच्या नावाची मर्यादा फोनच्या रचनाकाराला रोज आडवी येते. कमी वारंवारतेला पदार्थाची पार्यता जितकी जास्त, तितक्या लवकर, म्हणजे तितक्या खालच्या वारंवारतेला, ती कोसळते आणि पदार्थ ऊर्जा गिळू लागतो. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहीत. मँगनीज-जस्त फेराइटची पार्यता हजारांत असते, पण १३.५६ मेगाहर्ट्झला ते कुचकामी ठरते. निकेल-जस्त फेराइटची शंभर-दोनशेच असली तरी त्या वारंवारतेला ते पुरेसे शांत राहते आणि त्याचा वीजरोधही कितीतरी अधिक असतो. म्हणून एनएफसीसाठी निकेल-जस्त, बहुधा थोडे तांबे मिसळलेले, आणि शंभर-दोनशे किलोहर्ट्झवर चालणाऱ्या वायरलेस चार्जिंगसाठी मँगनीज-जस्त किंवा लोहाच्या सूक्ष्मस्फटिकी फिती, अशी वाटणी रूढ झाली आहे. याच मर्यादेमुळे फोनमधल्या वाय-फाय व मोबाइल नेटवर्कच्या अँटेनांखाली ही पट्टी दिसत नाही. गिगाहर्ट्झच्या टप्प्यात ती निव्वळ ऊर्जा खाईल. षट्कोनी स्फटिकरचनेची फेराइटे वापरून तेही अँटेना लहान करण्याचे संशोधन बराच काळ चालू आहे. कागदावर ते आकर्षक दिसते, कारण पार्यता आणि विद्युत अपार्यता (परमिटिव्हिटी) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतक्या पटीने अँटेनाचा आकार घटायला हवा. हातात येणाऱ्या फोनमध्ये मात्र ऊर्जेच्या हानीने या कल्पनेला अजून तरी रोखून धरले आहे.

पट्टी करायची रीत कुंभारकामाच्या कुळातली आहे. फेराइटची भुकटी, बंधक आणि द्रावक यांचे पातळ मिश्रण फिल्मवर पसरतात, वाळवतात आणि सुमारे ९०० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजतात. भट्टीतून निघालेला ०.१ मिमीचा थर पापडासारखा ठिसूळ असतो. तो तसाच फोनमध्ये बसवला तर पहिल्याच आपटण्याला कुठेतरी तडकेल, त्याची पार्यता बदलेल आणि जुळवलेली वारंवारता ढळेल. म्हणून कारखान्यात तो दोन्ही बाजूंनी प्लास्टिक फिल्म व चिकटपट्टी लावून मुद्दामच तोडतात. आधी चौकटीच्या खाचा पाडून रुळावरून वाकवला की त्याचे लहान लहान चौकोन होतात आणि फिल्म त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. अख्खी पट्टी आता वाकते, वळणावर बसते. प्रत्येक भेगेत हवेची बारीक फट राहिल्याने पार्यता थोडी उतरते, पण हे उतरणे आधीच हिशेबात धरलेले असते आणि नंतर फोन पडला तरी फारसे काही बदलत नाही. या साऱ्या विषयात मला सर्वांत देखणी वाटते ती हीच युक्ती.

दुसरा प्रकार भाजल्याशिवाय करतात. लोह, सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे सेंडस्ट हा मिश्रधातू १९३० च्या दशकात जपानमधील सेंदाई शहरात तयार झाला. त्याची चपटी भुकटी राळेत किंवा रबरात मिसळून पत्रे काढतात. ते कात्रीने कापता येतात, तडकत नाहीत. पण भाजलेल्या निकेल-जस्त फेराइटच्या मानाने त्यांची पार्यता कमी पडते, म्हणून तेवढ्याच कामाला पत्रा जाड घ्यावा लागतो.

वेटोळे. लवचीक मंडलाचा, म्हणजे कारागिरांच्या बोलण्यातल्या ‘फ्लेक्स’चा, पाया पॉलिइमाइड या पिवळसर तांबूस फिल्मचा असतो. तिची जाडी १२.५ किंवा २५ मायक्रॉन आणि तीवर १८ किंवा ३५ मायक्रॉन तांबे. या आकड्यांमागे कारण आहे. १३.५६ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे १८ मायक्रॉन थरातून वाहतो. त्यामुळे तांबे फार पातळ केले तर रोध वाढतो आणि फार जाड केल्याने विशेष लाभ होत नाही. नको असलेले तांबे रसायनाने कोरून काढले की वेटोळे उरते, त्याचे फेरे मोजकेच. आतले टोक बाहेर आणण्यासाठी फेऱ्यांना ओलांडावे लागते, म्हणून फिल्मच्या मागच्या बाजूला आणखी एक तांब्याची पट्टी घेतात आणि मुलामा दिलेल्या छिद्रांतून ती जोडतात. जोडणीच्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि मदरबोर्डावरच्या स्प्रिंग पिना त्यांवर दाबून बसतात.

वेटोळे एका मायक्रोहेन्रीचे असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झला अनुस्पंदनासाठी सुमारे १३८ पिकोफॅरडचे धारित्र लागते. हे जुळवणे पट्टी, बॅटरी व झाकण आपापल्या जागी बसवूनच करायचे असते. टेबलावर मोकळ्या वेटोळ्यावर केलेली जुळणी फोनमध्ये टिकत नाही. शिवाय अनुस्पंदन फार तीव्र करूनही चालत नाही. कार्डाकडून येणारी माहिती मुख्य वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना ८४७.५ किलोहर्ट्झवर असते. मंडल अतिशय नेमके जुळवले तर नेमकी तीच कापली जाते. क्षेत्र जोरकस हवे आणि वारंवारतेचा पट्टाही रुंद हवा, या ओढाताणीत काही ऊर्जा सोडून द्यावी लागते, वेळप्रसंगी मुद्दाम रोधक घालून.

फोनमधील स्थान. नोकिया, फिलिप्स व सोनी यांनी २००४ मध्ये एनएफसी फोरम स्थापन केला. गूगलच्या २०१० मधील नेक्सस एस या फोनमध्ये वेटोळे मागच्या प्लास्टिक झाकणात होते. २०१२ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ३ मध्ये ते बॅटरीच्या वेष्टनाखाली गेले आणि बॅटरीला जादा संपर्कबिंदू आले. त्या पिढीच्या फोनला बाजारातली स्वस्त बॅटरी टाकली की एनएफसी नाहीसे व्हायचे, ते यामुळे. मग धातूच्या पाठीची लाट आली. धातूच्या अखंड पाठीतून क्षेत्र बाहेर येत नाही. त्यात फट किंवा खाच ठेवली तर आवर्त प्रवाहाला तिच्याभोवतून जावे लागते आणि योग्य जागी ठेवलेल्या लहान वेटोळ्यासाठी ती पाठच मोठ्या वेटोळ्याचे काम करू लागते. ॲपलने २०१४ च्या आयफोन ६ मध्ये अँटेना वरच्या कडेला नेला. आयफोन आजही डोक्याच्या बाजूने टेकवावा लागतो. पुढे काचेची पाठ परतली ती मुख्यतः वायरलेस चार्जिंगसाठी, पण एनएफसीलाही त्याचा फायदा झाला.

आजच्या अनेक फोनमध्ये मधोमध चार्जिंगचे वेटोळे आणि भोवती एनएफसीचे, अशी दोन्ही एकाच फ्लेक्सवर असतात. खाली प्रत्येकाच्या वारंवारतेचे वेगळे चुंबकीय द्रव्य. सॅमसंगने २०१५ पासून काही फोनांत तिसरेही दिले होते. कार्डाची काळी चुंबकीय पट्टी घासल्याचा भास यंत्राला करून देणारे ते वेटोळे भारतात २०१७ मध्ये सॅमसंग पेबरोबर आले आणि एनएफसी नसलेल्या जुन्या यंत्रांवरही चालले. एरवी आपल्याकडे क्यूआर कोडने बाजी मारली, कारण दुकानदाराला एक छापील कागद पुरतो. टेकवून देण्याचा व्यवहार मुख्यतः कार्डांपुरता राहिला. पिन न टाकता होणाऱ्या अशा व्यवहाराची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून २,००० वरून ५,००० रुपये केली.

२०२० च्या आयफोन १२ पासून पाठीत कायमचुंबकांचे कडे आले. चुंबकाच्या सततच्या क्षेत्रात फेराइट संपृक्त होऊ लागते आणि त्याची पार्यता घसरते, म्हणून चुंबक आणि पट्टी यांच्या जागा एकत्रच ठरवाव्या लागतात.

दुरुस्तीत या अँटेनाचे नुकसान बहुधा झाकण किंवा बॅटरी बदलताना होते. वेटोळे नव्या भागावर येते, पट्टी जुन्यावर राहून जाते. कधी पट्टी लावली जाते, पण वेटोळे आणि काच यांच्यामध्ये. मग ती क्षेत्राला बाहेर पडण्याआधीच परत वळवते आणि बॅटरीचा धातू आतून उघडा पडतो. वेटोळे काचेकडे, पट्टी बॅटरीकडे, हा क्रम पाळला आणि स्प्रिंग पिना वाकलेल्या नसल्या की फोन पुन्हा कार्ड वाचू लागतो.