छंदिष्ट गृहस्थ : दादासाहेब फाळके

आपल्या समाजात ‘छंदिष्ट’ हे विशेषण फारसे गौरवाने वापरले जात नाही. नोकरी कायमची असावी आणि उरल्या वेळात एखादा छंद असला तर असावा, अशी आपली मध्यमवर्गीय धारणा असते. घरदार सोडून परप्रांतात स्थिरावलेल्या कुटुंबांत ती अधिकच दृढ होते. कारण अडीअडचणीला धावून येणारे भाऊबंद जवळ नसतात. या धारणेच्या कसोटीला मुळीच न उतरणारे, आणि तरीही एका नव्या कलेचा पाया या देशात घालणारे गृहस्थ म्हणजे कै. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. त्यांच्या छंदांचा आणि संसाराचा इतिहास मात्र तितकासा परिचित नाही.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका शास्त्र्यांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, शिल्प, छायाचित्रण असे जे जे शिकता येईल ते ते शिकून घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण तेथील प्लेगाच्या साथीत त्यांची पहिली पत्नी निवर्तली आणि तो डाव मोडला. त्यानंतर त्यांना जादूच्या प्रयोगांचा नाद लागला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते हे खेळ करीत.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई या घरात आल्या. पुढल्याच वर्षी दादासाहेबांना पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याची व छायाचित्रणाची नोकरी मिळाली. केंद्र सरकारच्या सेवेत उभा जन्म काढलेल्या प्रस्तुत लेखकास अशा नोकरीचे मोल ठाऊक आहे. परंतु बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात दादासाहेबांनी ती सोडली आणि ते मुद्रणव्यवसायात शिरले. रंगीत छपाईची विद्या व यंत्रे मिळविण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. पण भागीदारांशी न पटल्याने तेथूनही बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे आणि हाती उद्योग नाही, अशी त्या वेळी त्यांची स्थिती होती.

१९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्त हिंडत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत सांगितले आहे. लगोलग त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो खेळ दाखविला. मग रात्रीचा दिवस करून प्रयोग सुरू झाले. त्या अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मार्ग दाखविला, चित्रनिर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपली चित्रशाळा मोकळेपणाने दाखविली, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते परतले.

येथून हा छंद एकट्या दादासाहेबांचा राहिला नाही. त्या काळी कोरी फिल्म बिनछिद्रांची येई. कडांना समान अंतरावर छिद्रे पाडल्यावाचून कॅमेऱ्याचे दाते तिला पकडू शकत नसत, आणि हे काम अंधारातच करावे लागे. ते सरस्वतीबाईंनी आत्मसात केले. एका फुटात १६ चित्रे आणि प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना मिळून ८ छिद्रे, असा हिशेब आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट धरली, तर एवढ्यासाठीच पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे होतात! यंत्र हाती असले, तरी ते चालविणारे हात दिवसभर स्वयंपाकघरात राबून थकलेले असत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडणे आणि पुन्हा साठ-सत्तर माणसांचे जेवण, हे सारे त्यांनी केले. त्यांचे दागिनेही याच कामी आले.

भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी दादासाहेबांनी आधी एक लहानसा चित्रपट काढला. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एकाच जागी रोवून, कित्येक दिवस ते त्या रोपाचे थोडथोडे चित्रण करीत राहिले. अंकुर फुटून वेल डोलू लागतो, हे पडद्यावर क्षणात दिसले आणि पैसा उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. स्त्रीभूमिकेस कोणी स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याने तारामती केली. रोहिदास झाला दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) बाळकृष्ण साकारला तो त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने.

उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १९१८ साली भागीदारीत उभी राहिलेली हिंदुस्थान फिल्म कंपनी त्यांना एकदा सोडावी लागली. बोलपटाच्या लाटेत त्यांचे मूकपट मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांच्यापाशी धन नव्हते आणि जगाला त्यांचा विसर पडत चालला होता.

त्यांच्या नावाचा पुरस्कार केंद्र सरकारने १९६९ सालापासून सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी देविकाराणी यांनी कनकपुरा रस्त्यावरील तातगुणीच्या मळ्यात, म्हणजे आपल्या बेंगळुरूच्याच परिसरात, पुढील आयुष्य घालविले. डॉ. राजकुमार (१९९५) आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती (२००८) हे कर्नाटकाचे सुपुत्रही या पुरस्काराने सन्मानित झाले. अशा रीतीने त्र्यंबकेश्वरच्या एका मराठी माणसाचे नाव आपल्या या कर्मभूमीतही आदराने घेतले जाते.

परंतु त्या नावात आणखी एक नाव मिसळलेले आहे, ते उच्चारल्यावाचून हे स्मरण पुरे होणार नाही. जिज्ञासा दादासाहेबांची होती. तिचे ओझे वाहिले सरस्वतीबाईंनी. नवऱ्याच्या सहाव्या-सातव्या उद्योगाच्या वेळी ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्यांना निश्चित होता. त्यांनी तो वापरला असता, तर वाटाण्याचा तो अंकुर कुंडीतच राहिला असता.